गेलेली अक्षरे

बुलढाणा शहराजवळ देऊळघाट हे गाव आहे. पैनगंगा नदी याच परिसरातील डोंगरांत उगम पावते. मुलांनो, अशी कल्पना करा की, या गावातील एखादी विद्यार्थिनी आपल्या नदीवर संगणकाच्या साहाय्याने निबंध लिहीत आहे. तासाभराचे लेखन झाले आहे. इतक्यात वीज जाते व संगणक बंद पडतो. थोड्या वेळाने वीज येते, पडदा पुन्हा उजळतो. परंतु निबंध कोठेच दिसत नाही! मग ती अक्षरे गेली कोठे?

याचे उत्तर संगणकाच्या रचनेत आहे. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. पहिली तात्पुरती. आपण लिहीत असलेला मजकूर प्रथम तिच्यात राहतो. तिच्यातील असंख्य सूक्ष्म कप्पे विद्युत्‌भाराने भरलेले असतात आणि हा भार सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की कप्पे रिते होतात. दुसरी स्मृती कायमची. वीज गेली तरी तिच्यातील लेखन टिकते. पहिली स्मृती म्हणजे पाटी, तर दुसरी म्हणजे वही. पाटीवरचे वहीत उतरवणे यालाच ‘जतन करणे’ म्हणतात.

माणूस विसरतो, हे जाणून संगणकतज्ज्ञांनी एक सोय करून ठेवली आहे. लेखनाचे कित्येक कार्यक्रम ठराविक वेळाने मजकुराची एक प्रत आपण होऊन कायमच्या स्मृतीत ठेवतात. मायक्रोसॉफ्ट वर्ड या कार्यक्रमात हा अवधी मुळात १० मिनिटांचा असतो. तो कमीही करता येतो. म्हणून अशा प्रसंगी घाबरून जाऊ नये आणि घाईने नवे लेखनही आरंभू नये. प्रथम तोच कार्यक्रम पुन्हा उघडावा. बहुधा पडद्याच्या एका बाजूस वाचलेल्या प्रतींची यादी दिसते. प्रत्येक प्रतीवरील वेळ पाहावी, प्रती उघडून ताडून पाहाव्यात आणि सर्वांत पूर्ण असलेली प्रत नव्या नावाने तत्काळ जतन करावी. यादी दिसली नाही, तर जतन न केलेले लेखन परत मिळवण्याची सोय त्या कार्यक्रमात शोधावी. तरीही अखेरच्या काही मिनिटांचे लेखन बहुधा गेलेलेच असते. ते आठवून पुन्हा लिहावे लागते. आणि आठवण ताजी असतानाच हे काम करणे शहाणपणाचे.

गेलेले लेखन आठवून पुन्हा उभे करण्याचे एक थोर उदाहरण मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी ते ठिकठिकाणी हिंडले, ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले त्यांना भेटले आणि नागदेवाचार्यांकडून त्या आठवणी पडताळून घेतल्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे प्रसंगही या ग्रंथात आले आहेत. पुढे चौदाव्या शतकाच्या प्रारंभी, परचक्राच्या धामधुमीत, हा मूळ ग्रंथ लुटारूंच्या हाती पडून नाहीसा झाला.

वर्षानुवर्षांचे श्रम असे एका क्षणात गेले. पण अनुयायांनी हा ग्रंथ अनेकदा ऐकला होता. हिराइसा या साध्वीची स्मरणशक्ती तर विलक्षण होती, असे परंपरा सांगते. ज्याला जे आठवले, ते त्याने सांगितले आणि ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. मात्र प्रत्येकाची आठवण अगदी सारखी कशी असणार? त्यामुळे लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. कोठे शब्द वेगळा, तर कोठे प्रसंगाचा क्रम वेगळा. मूळ प्रत हाती नसल्यामुळे आजही अभ्यासकांना हे पाठ शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावे लागतात.

म्हाइंभटांचा ग्रंथ वाचला, तो अनेकांनी मनःपूर्वक ऐकला म्हणून. एकाच ठिकाणी असलेले लेखन एका आघाताने जाते. अनेक ठिकाणी असलेले लेखन आघात सोसूनही उरते. संगणकावर लिहिताना प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबाव्यात व महत्त्वाच्या लेखनाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. यास क्षणभर वेळ लागतो. पण तेवढ्याने तासांचे श्रम राखले जातात.

शब्दार्थ
परचक्र – शत्रूची स्वारी. पाठ – ग्रंथाचे उपलब्ध रूप. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे.

स्वाध्याय
१. तात्पुरती व कायमची स्मृती यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ का निर्माण झाले?
३. आज वाचलेल्या धड्यातील एक परिच्छेद पुस्तक मिटून आठवून लिहा. मित्राच्या लेखनाशी तो ताडून पाहा व फरक नोंदवा.