आटे गेलेले बोल्ट : काढण्याची व बदलण्याची रीत

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग व गडचिरोली जिल्हा हा धानाचा प्रदेश होय. जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बांध्यांची शेती एकाच रीतीने होते. पूर्वी चिखलणी केवळ बैलजोडीवर होत असे. आता पुष्कळ गावांत ती ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांनी होते. यंत्राने काम झपाट्याने उरकते, ही गोष्ट खरी. परंतु एका बोल्टाचे आटे गेले म्हणजे तेच यंत्र बांधीत उभे राहते.

पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी व्हावी लागते. अधिक वयाच्या रोपांस फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. यंत्र मात्र दुरुस्तीसाठी नेहमीच शहरात नेता येत नाही. भामरागडहून गडचिरोलीचे अंतर दीडशे कि.मी.हून अधिक आहे, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने तो मार्ग अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. म्हणून बोल्ट सुखरूप काढणे व योग्य बोल्ट बसविणे ही विद्या गावातच असली पाहिजे. येथे सांगितलेली रीत ट्रॅक्टर, पॉवर टिलर, जीप व मोटार या सर्वांस सारखीच लागू पडते.

बोल्ट का बिघडतो?

बोल्ट तीन प्रकारे बिघडतो. पहिला प्रकार म्हणजे माथ्याचे कोन गोल होणे. ढिला पाना किंवा स्क्रू पाना लावून जोर केल्याने हे घडते. दुसरा प्रकार म्हणजे गंजाने जखडणे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधील फट भरून जाते. चिखलणीनंतर न धुतलेल्या यंत्रात हा दोष हमखास आढळतो. तिसरा प्रकार म्हणजे आटेच निघून जाणे. बोल्ट तिरका धरून पान्याने रेटल्यास, अथवा प्रमाणाबाहेर आवळल्यास असे होते. अशा वेळी बोल्ट नुसता फिरत राहतो, आवळला जात नाही.

काढण्याच्या पायऱ्या

पहिला नियम असा की, पाना एकदा घसरताच हात थांबवावा. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याने माथा गोल होतो किंवा बोल्ट तुटतो, आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

१. तारेच्या ब्रशने चिखल व गंज खरवडून काढावा. आटे उलटे तर नाहीत ना, हे पाहावे. काही फिरत्या भागांवर डावे आटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने सोडविण्याचा प्रयत्न केल्यास बोल्ट अधिकच आवळतो.

२. आट्यांवर गंज सोडविणारे तेल सोडावे. ते नसल्यास डिझेल वापरावे. माथ्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरते. शक्य तर रात्रभर तसेच ठेवावे.

३. नेमक्या मापाचा सहा कोनी रिंग पाना किंवा सॉकेट बसवावा. बोल्ट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडवावा. थोडा सुटताच पुन्हा थोडा आत घ्यावा व पुन्हा तेल द्यावे. असे मागे-पुढे केल्याने गंजाचा चुरा बाहेर पडतो.

४. तरीही न सुटल्यास नट तापवावा, बोल्ट नव्हे. तापलेला नट प्रसरण पावतो व पकड ढिली होते. मात्र डिझेल टाकलेला भाग कोरडा पुसल्याशिवाय, इंधनाच्या टाकीजवळ, रबरी सीलजवळ किंवा टायर चढविलेल्या चाकाजवळ ज्योत कदापि नेऊ नये. उष्णतेने टायर फुटून प्राणहानी होऊ शकते.

५. माथ्याचे कोन गोल झाले असल्यास कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कराव्यात व लहान मापाचा पाना घट्ट बसवावा. नट असल्यास तो छिन्नीने फोडून काढणे सोपे पडते. नट गेला तरी चालेल, परंतु यंत्राचा मूळ भाग जाता कामा नये.

माथा तुटल्यास

खुंट वर शिल्लक असल्यास त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंगची उष्णता आटे सोडविण्यासही साहाय्य करते. त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. खुंट आतच तुटला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करावी व प्रथम ३ मि.मी.चे, नंतर मोठे ड्रिल सरळ चालवावे. त्या भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून खुंट फिरवून काढता येतो. एक्स्ट्रॅक्टर कठीण पोलादाचा असतो. तो आत तुटल्यास साध्या ड्रिलने कापला जात नाही, म्हणून त्यावर आडदांड जोर करू नये.

भोकातील आटे गेल्यास

चेंबरच्या तेल काढावयाच्या बुचाचे आटे अॅल्युमिनिअमच्या भागात लवकर जातात. येथे दोन उपाय आहेत. भोवती धातू पुरेसा असेल तर एक माप मोठे आटे पाडावेत. उदाहरणार्थ, १० मि.मी.च्या बोल्टाऐवजी १२ मि.मी.चा बोल्ट घ्यावयाचा असल्यास १०.२ मि.मी.चे ड्रिल चालवून १.७५ मि.मी. अंतराचा टॅप फिरवावा. टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा चालवावा, म्हणजे कीस तुटून पडतो. दुसरा उपाय तारेच्या वेटोळ्याचा थ्रेड इन्सर्ट बसविण्याचा. त्यामुळे मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो. भोकावर सुतळी किंवा डिंक घालून बोल्ट रेटणे हा उपाय नव्हे. तो चालू यंत्रात निसटतो.

नवा बोल्ट निवडताना

केवळ जाडी जुळणे पुरेसे नाही. १० मि.मी.च्या बोल्टाचे आटे १.५ मि.मी. अंतराचे असतात, तसेच १.२५ मि.मी. अंतराचेही असतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. जुना बोल्ट नव्याशेजारी ठेवून आट्यांत आटे बसतात की नाही, हे पाहावे. माथ्यावरील अंक वाचावेत. ८.८ अंकाचा बोल्ट दर चौरस मि.मी.ला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसतो, तर ४.६ अंकाचा सुमारे ४००. रोटाव्हेटरची पाती किंवा चाक यांवर बाजारातील स्वस्त बोल्ट बसविल्यास तो हंगामातच तुटतो. चाकाच्या स्टडचे आटे गेले असल्यास स्टडच बदलावा.

बोल्ट घालण्यापूर्वी भोकातील पाणी, तेल व कीस काढावा. बंद भोकात तेल राहिल्यास बोल्ट आवळताना होणाऱ्या दाबाने ओतीव भागास तडा जाऊ शकतो. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावेत. बोट अडले तर बोल्ट तिरका आहे असे समजावे व परत काढावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व काही अंतर चालविल्यावर पुन्हा तपासावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

उन्हाळ्यात, मृगापूर्वी, गावातील लोहाराच्या शाळेत एक प्रात्यक्षिक घ्यावे. भंगारातील गंजलेला नांगर किंवा जुने चाक आणून प्रत्येक यंत्रमालकाच्या हाती पाना द्यावा. पाहून ही विद्या येत नाही. बोल्ट केव्हा सुटतो आणि केव्हा तुटावयास लागतो, हे हाताला कळावे लागते. ज्या गावी ट्रॅक्टर आहे, तेथे नेहमी लागणाऱ्या बोल्टांची मापे वहीत उतरवून घ्यावीत व प्रत्येक मापाचे चार बोल्ट डब्यात तेल लावून ठेवावेत.

काही रुपयांचा बोल्ट घाईने तुटला म्हणजे हजारो रुपयांचा ओतीव भाग धोक्यात येतो व बांधीतील पऱ्हे वाट पाहत राहतात. ज्याने रात्रभर तेल मुरू दिले, त्याचे यंत्र बहुधा सकाळी बांधीत उतरते.