‘वळणे’ या शब्दाचा अर्थविचार

‘गुरे वळणे’ या प्रयोगाचा अर्थ निरूपणात पुष्कळदा ‘गुरे हाकणे’ असा केला जातो. तो सदोष आहे. हाकणारा पाठीमागे असतो व काठीने काम घेतो; वळणारा मात्र भरकटलेल्या जनावराच्या पुढे जाऊन आडवा होतो. संस्कृत ‘वल्’ म्हणजे फिरणे, त्याच धातूचे हे कुळ. लाडू वळणे, मन वळविणे, मुलास वळण लावणे हे प्रयोग त्यातलेच. (लाडू कोणी हाकीत नाही!) शिष्यास वळण लावणे म्हणजे धाक घालणे, असा जो समज मठामठांतून रूढ झाला आहे, त्याचे मूळ या अर्थभ्रंशात आहे.

दामोदरपंडितांच्या ‘वछाहरण’ ग्रंथाचा कथाविषय या दृष्टीने पाहावा. भागवताच्या दशमस्कंधात हा प्रसंग येतो, तेव्हा श्रीकृष्णचक्रवर्ती गायी नव्हे, वासरे राखीत होते. गोपाळ जेवावयास बसले असता वासरे गवताच्या लोभाने दूर रानात गेली. सवंगडी भ्याले. श्रीकृष्णांनी त्यांना जेवणावरून उठू दिले नाही. हातातील घासासह ते स्वतःच वासरे वळावयास निघाले. लोभ वासरांचा, श्रम राखणाऱ्याचे! हाकणाऱ्यास जनावर समोर लागते. येथे तर ते दृष्टीआड झालेले होते.

वासरे ब्रह्मदेवाने नेली होती. मागे फिरून पाहतात तो गोपाळही नाहीत. तेव्हा वासरे आणि गोपाळ या दोहोंची रूपे श्रीकृष्णांनी स्वतःच धारण केली, आणि वर्षभर वळणारा व वळला जाणारा एकच होता.