जुन्या कॉम्प्रेसरच्या खोडी

जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या स्टुडिओंत अहिराणी गाणी रेकॉर्ड होतात. तिथली यंत्रं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. गाणारा एकदम वर चढला की आवाज आवरायचा, हे कॉम्प्रेसरचं काम. लिमिटर त्याहून कडक, ठरल्या पातळीपुढे जाऊच देत नाही. रेडिओच्या ट्रान्समीटरआधी तो लावतात, तो याचसाठी.

१. आधी बिघाड की स्वभाव, ते ठरवा. धुळ्याचा एक स्टुडिओवाला एलए-२ए या जुन्या ऑप्टिकल कॉम्प्रेसरच्या धाटणीची पेटी घेऊन आला. "दादा, गायकानं आरोळी दिली की पुढची ओळ दबलेलीच राहते. सेल बदलून द्या." आत आवाजाबरोबर चमकणारी एक पट्टी असते आणि तिच्यासमोर उजेड पडला की रोध कमी होणारा सेल. उजेड गेला तरी सेल लगेच मूळपदावर येत नाही. निम्मा आवाज साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सुटायला १ ते १५ सेकंद लागतात. जितका जास्त वेळ दाबलं, तितका उशीर. लोक या पेटीसाठी पैसे मोजतात ते ह्याच गुणासाठी! मी सेलला हात लावला नाही. आरोळीची ओळ वेगळ्या ट्रॅकवर घ्यायला सांगितलं.

२. आपल्याकडचं ऊन कंडेन्सर खातं. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यात पत्र्याची खोली आणि बंद रॅक. घूं आवाज १०० हर्ट्झचा असेल तर आधी पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर बघा. ५० चा असेल तर अर्थिंग आणि वायरिंग. बदलताना १०५ अंशांचेच घ्या. व्हॉल्व्हच्या पेटीत हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे करा, बंद पेटीही जीव घेते.

३. अमेरिकेतून भाच्यानं आणलेली पेटी थेट २३० व्होल्टला लावू नका. आधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदला, फ्यूज निम्म्या अँपिअरचा घाला. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब हवाच.

४. ११७६ या दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या जातीत आवाज दाबतो तो एफईटी नावाचा ट्रान्झिस्टर, आणि त्याला उष्णता जाणवते. झाकण लावून अर्धा तास तापू द्या, मग बायसचा प्रीसेट आवाज १ डेसिबलनं उतरेपर्यंत फिरवा. एसीत लावलेला बायस पत्र्याच्या खोलीत टिकत नाही.

५. ११७६ मध्येच अटॅकची नॉब उजवीकडे नेली की वेग वाढतो, बहुतेक यंत्रांत कमी होतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

६. मॉडिफिकेशन करा, पण उलटवता येईल असंच. काढलेले सुटे भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवा, बदल सर्किटच्या कागदावर लिहा. नवा स्विच बसवायला जुन्या पॅनलला भोक मात्र पाडू नका. तेवढी हौस असेल तर किट आणून नवी पेटी बांधा.