शेडचं काँक्रीट ओतण्याआधी: मुरमाचा हिशोब नीट समजून घ्या

पिठाची गिरणी असो, तेलघाणा असो की मसाला कांडप, शेड बांधायची म्हटलं की आपण पत्र्याचा भाव चार ठिकाणी विचारतो. जमिनीखालच्या कामाबद्दल मात्र ठेकेदाराला एकच प्रश्न असतो, "किती दिवसांत होईल?"

विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच प्लॉटवर काळी माती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो उचलतो, तडकतो. मशीनची लेव्हल गेली की बेअरिंग, पट्टे खराब व्हायला लागतात. मग कोबा फोडायचा तर उत्पादन बंद, आणि बँकेचा हप्ता चालूच!

म्हणून आधी एक खड्डा घेऊन बघा, मुरूम किती फुटांवर लागतो ते. कॉलमचा पाया किती खोल न्यायचा हे त्यावरून इंजिनिअर ठरवतील. शेजाऱ्याने चार फूट नेला म्हणून आपणही चार फूट, असं करू नका.

आता कोब्याखालचा भराव. खरी गडबड इथेच होते. समजा शेड ३० बाय २० फूट आहे आणि भराव २ फूट करायचाय. म्हणजे १२०० घनफूट, १२ ब्रास. पण हे झालं दाबलेलं माप. ट्रकमधला मुरूम सुटा असतो, दाबल्यावर तो बसतो. त्यामुळे साधारण १५ ब्रास मागवावा लागतो. १२ च मागवला तर भराव कमी पडणार, आणि ती कसर खोदाईतून निघालेली काळी माती ढकलून भरून काढली जाते. वरून काँक्रीट पडलं की कुणाला दिसतंय? तेव्हा कोटेशनमध्येच लिहून घ्या: भरावाचे पैसे दाबून झाल्यावरच्या मापाने, आणि खोदलेली माती आत टाकायची नाही.

भराव ६ ते ८ इंचांच्या थराने करायचा. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, मगच पुढचा थर. दोन फूट एकदम टाकून रोलर फिरवला तर वरचाच भाग घट्ट होतो. कॉलमच्या कडेला आणि कोपऱ्यांत रोलर पोचत नाही, तिथे धुम्मस हवाच. पाणी किती? मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, चिखल नको.

नंतर सोलिंग, त्यावर पीसीसी. वाळवीचं औषध, सांडपाण्याचा पाइप आणि वायरिंगचे पाइप यांचं काम काँक्रीटच्या आधीच उरका. जड किंवा जास्त हादरे देणारं मशीन असेल तर विक्रेत्याकडून फाउंडेशनचं ड्रॉइंग आधी मागवा, कारण त्याचा पाया कोब्यापासून वेगळा ठेवावा लागतो.

प्रत्येक थराचा टेप लावून फोटो काढा आणि बिलासोबत ठेवा. शेवटचा हप्ता देताना ते फोटो समोर असू द्या.