सांडलेले तेल आणि तीन सबबी



पहिला पाऊस पडून गेला, की कोल्हापुरात दसरा चौकाच्या ओल्या रस्त्यावर जागोजागी इंद्रधनुष्यी रंगांचे डाग दिसू लागतात. कुठल्यातरी मोटारीतून किंवा स्कूटरमधून गळालेल्या तेलाचे हे पातळ थर होत. आपण ते रंग क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. पण अशा थराची जाडी किती असते? ती साधारण एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. आता समजा, एक लिटर तेल इतक्याच जाडीने पाण्यावर पसरले. ते किती जागा व्यापील?

एक लिटर म्हणजे ०.००१ घनमीटर. जाडी ०.०००००१ मीटर. घनफळाला जाडीने भागले, की क्षेत्रफळ मिळते: १,००० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एक लिटर तेलाने जवळजवळ दहा गुंठे पाणी झाकले! थर याहून जाड असला, तर हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा होतो, पक्ष्यांची पिसे चिकटून बसतात आणि काठावरची माती तेल शोषून घेते.

हे झाले एका लिटरचे. हजारो, लाखो लिटर तेल नदीत किंवा समुद्रात सांडले तर? ते काढायचे कोणी आणि नुकसान भरून द्यायचे कोणी? हा प्रश्न कायद्याचा आहे. पण त्याच्या उत्तराला विज्ञानाची किती गरज लागते, ते आज आपण पाहू.

मुंबईसमोर बुडालेले जहाज

४ ऑगस्ट २०११ रोजी 'रॅक कॅरिअर' नावाचे मालवाहू जहाज मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. ते इंडोनेशियातून गुजरातमधील दहेज बंदराकडे साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन चालले होते. जहाजावरील ३० माणसांना वाचवण्यात आले. पण जहाजाच्या टाक्यांत सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते. ते तेल झिरपू लागले आणि मुंबई व रायगडच्या किनाऱ्याला येऊन लागले.

मघाचेच गणित येथे करून पाहा. ३४० टन तेलाचे घनफळ ढोबळमानाने ३६० घनमीटर होते. हे सगळे तेल एक मायक्रॉन जाडीने पसरले असे मानले, तर ते ३६० चौरस किलोमीटर व्यापील. प्रत्यक्षात सारे तेल एकदम बाहेर येत नाही, काही उडून जाते, काही गोळे होऊन तळाशी जाते. तरीही धोक्याचा आवाका या आकड्यावरून कळतो.

अशा प्रसंगी ज्याच्यावर बोट रोखले जाते, त्याच्याकडे सहसा तीन सबबी असतात. 'ते तेल आमचे नव्हे, आणि असले तरी एवढे नव्हे' ही पहिली. 'तो अपघात होता' ही दुसरी. आणि 'चूक नोकराची, कंपनीची नव्हे' ही तिसरी. या तिन्ही सबबी क्रमाने तपासू.

पहिली सबब : ते आमचे नव्हे

तेलाला ओळख असते. कच्चे तेल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण. प्रत्येक तेलक्षेत्रातील तेलात त्यांचे प्रमाण निराळे असते. गॅस क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने हे घटक वेगळे करता येतात आणि त्यांचा आलेख काढता येतो. नदीतून घेतलेल्या नमुन्याचा आलेख आणि संशयित टाकीतील तेलाचा आलेख शेजारी ठेवले, की बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांची तुलना होते.

'एवढे नव्हे' याला उत्तर आहे जमाखर्चाचे. पाइपलाइनमध्ये एका टोकाने जितके तेल गेले, तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर आले पाहिजे. वस्तुमान नाहीसे होत नाही हा नियम तुम्ही शिकला आहातच. जमा आणि खर्च यांत फरक पडला, तर तेवढे तेल वाटेत गळाले.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. २५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ एनब्रिज या कॅनेडियन कंपनीची पाइपलाइन फुटली. तेल एका ओढ्यातून कॅलामाझू नदीत उतरले आणि सुमारे ५५ किलोमीटरपर्यंत पसरले. सांडलेले तेल होते सुमारे ३२ लाख लिटर. नियंत्रण कक्षात दाब घसरल्याच्या धोक्याच्या सूचना वाजत होत्या. पण तेथील लोकांनी अर्थ असा लावला, की नळीत तेलाचा स्तंभ तुटून पोकळी झाली असावी. ती भरून काढण्यासाठी त्यांनी पंप दोनदा पुन्हा सुरू केले! एकूण गळतीपैकी ८१ टक्के तेल या दोन वेळांतच बाहेर पडले, असे पुढे चौकशीत दिसून आले. गळती सुरू झाल्यापासून ती उमगेपर्यंत १७ तास गेले, आणि तीही कळवली ती दुसऱ्याच एका कंपनीच्या कामगाराने.

जमाखर्चाचे आकडे समोर होते, पण ते कोणी वाचले नाहीत. अमेरिकेच्या जलशुद्धी कायद्यात सांडलेल्या तेलाच्या दर पिंपामागे दंड आकारण्याची तरतूद आहे. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. म्हणजे तेथे मोजमाप हे केवळ प्रयोगशाळेचे काम उरत नाही. प्रत्येक पिंपाचा हिशेब थेट दंडाच्या रकमेत जाऊन बसतो.

दुसरी सबब : तो अपघात होता

ती पाइपलाइन अचानक फुटली का? थोडे भौतिकशास्त्र पाहू. आतून दाब असलेल्या नळीच्या भिंतीतील ताण काढण्याचे सूत्र सोपे आहे:

ताण = दाब × व्यास ÷ (२ × भिंतीची जाडी)

या नळीचा व्यास ७६२ मिलिमीटर आणि जाडी अवघी ६.३५ मिलिमीटर होती. आकडे घालून पाहा. भिंतीतील ताण आतल्या दाबाच्या ६० पट येतो. गंजून जाडी निम्मी झाली, तर तोच ताण १२० पट होईल. शिवाय भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. दाब रोज कमीजास्त होत राहिला, की भेग हळूहळू वाढत जाते. वायर पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार.

येथेही तसेच झाले होते. नळीवरचे संरक्षक वेष्टन सुटले होते, खाली गंज आणि भेगा होत्या. त्या भेगांच्या खुणा २००५ सालच्या तपासणीतच नोंदल्या गेल्या होत्या. पाच वर्षे आधी कागदावर आलेली भेग फुटली, तर तिला 'अकस्मात' कसे म्हणायचे? २०१६ साली झालेल्या तडजोडीत या गळतीबद्दल कंपनीवर ६.१ कोटी डॉलरचा दिवाणी दंड बसला. नदी साफ करण्याचा खर्च तर १०० कोटी डॉलरच्या वर गेला.

आपल्या देशात कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची दुर्घटना घडली. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळाला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. धोकादायक व्यवसाय करणाऱ्याने नुकसान केले, तर त्याची जबाबदारी निरपवाद आहे. 'आम्ही सर्व काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही. आणि उद्योग जितका मोठा व सधन, तितकी भरपाई मोठी.

२०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात हाच विचार उतरला. अपघाताच्या बाबतीत दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई ठरवावी, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

याच न्यायाधिकरणापुढे 'रॅक' जहाजाचे प्रकरण आले. जहाज बुडाले ती जागा १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर आहे, तेव्हा न्यायाधिकरणाला अधिकारच नाही, असाही मुद्दा निघाला. तो मान्य झाला नाही. जहाज प्रवासास योग्य स्थितीत नव्हते, असा निष्कर्ष काढून ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये पर्यावरण-भरपाई द्यावी असा आदेश दिला. समुद्रतळाशी गेलेल्या कोळशाबद्दल मालाची मालक असलेल्या अदानी एन्टरप्रायझेसने ५ कोटी रुपये द्यावेत, असेही त्यात होते.

तिसरी सबब : चूक नोकराची

हे प्रकरण वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कंपनीला तुरुंगात कसे घालणार? तिला हात ना पाय." प्रश्न बिनतोड होता.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक 'व्यक्ती' असते. तिच्या नावे मालमत्ता असते, तिच्यावर खटला होतो, तिला दंड होतो. पण एवढ्यावर सोडले, तर दंडाची रक्कम खर्चात धरून कारभार पूर्ववत चालू राहील. म्हणून १९७४ सालच्या जलप्रदूषण कायद्यात ४७ वे कलम घालण्यात आले. गुन्हा कंपनीकडून घडला, तर कंपनीबरोबरच त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी मानावी, असे ते कलम सांगते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण सर्व दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीने स्वतः सिद्ध करायचे. संचालकाच्या संमतीने किंवा हयगयीने गुन्हा घडला असेल, तर तोही सुटत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगाराकडे बोट दाखवून साहेबाला मोकळे होता येत नाही.

आपल्या पंचगंगेचे काय?

तुम्ही म्हणाल, आमच्या नदीवर कुठे तेलाची पाइपलाइन फुटली आहे? खरे आहे. पंचगंगेचे दुखणे वेगळे आहे. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेचे रंगीत पाणी हे तिचे शत्रू. मासे मरून वर आले, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणजे पुन्हा पहिली सबब!

आणि उत्तरही तेच: जमाखर्च. नाला मिळण्याच्या वरच्या अंगाला एक नमुना घ्यायचा आणि खालच्या अंगाला एक. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू दोन्हीकडे मोजायचा. वर भरपूर आणि खाली तुटपुंजा, तर मधला नाला बोलतो. मात्र नमुना वेळेवर घेतला पाहिजे. चार दिवसांनी घेतलेला नमुना काहीच सांगत नाही, कारण पाणी तोवर नरसोबावाडीला कृष्णेत पोचलेले असते. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ सालीच, देशाच्या कायद्याआधी पाच वर्षे, आपला कायदा केला होता. कायदा तेव्हापासून आहे, पण नुसता कायदा पुरत नाही. न्यायाधीश नदीकाठी नसतात. त्यांच्यापुढे फक्त नोंदी पोचतात: केव्हा, कुठे, किती. ती नोंद कोणी केलीच नाही, तर तिन्ही सबबी खऱ्या ठरतात.

करून पाहा

एक रबरी नळी घ्या. वरच्या बादलीत मोजून १० लिटर पाणी ठेवा आणि नळीने ते खालच्या बादलीत सोडा. खालचे पाणी मोजा. नळीच्या भिंतींना चिकटून किती कमी भरले, ते लिहून ठेवा. आता नळीला सुईने एक भोक पाडून हाच प्रयोग करा. मग भोके दोन, नंतर तीन करा. किती गळती झाली, की ती तुमच्या मापाच्या चुकीपेक्षा निश्चितपणे मोठी दिसते?

मग विचार करा: पाइपलाइनच्या दोन्ही टोकांच्या मापकांत एक टक्क्याची चूक असेल, तर दिवसाला किती तेल कोणाच्याही ध्यानात न येता गळू शकेल? आणि असे मापक बसवायचे ठरवले, ती जबाबदारी कोणाची?