कौल, उतारा आणि कार्यकारणभाव

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात घरातील आजार हटेना, दुभते जनावर दगावले, लागोपाठ दोन मृत्यू झाले की वडीलधारी माणसे म्हणतात, ‘कुणाचे काय राहिले आहे, ते एकदा बघून या.’ या एका वाक्यात एक संपूर्ण विचारपद्धती सामावलेली आहे. संकटामागे कुणाचा तरी कोप आहे, तो कुणाचा हे जाणकाराला समजते आणि योग्य ते ‘देणे’ दिल्यावर तो शमतो, अशी ती पद्धती. आमच्या विद्यार्थ्यांनी तिची केवळ थट्टा करू नये. तिची रचना समजून घ्यावी आणि मगच तिचा त्याग करावा, या हेतूने आम्ही हा पाठ मांडीत आहोत.

१. प्रश्न विचारण्याच्या रीती

कोकणात देवाला प्रश्न विचारण्याच्या अनेक रीती आहेत. देवाच्या पाषाणाला ओली फुले, पाने किंवा तांदळाचे दाणे चिकटवितात. उजवीकडील दाणा आधी पडला तर होकार, डावीकडील पडला तर नकार मानतात. यास कौल लावणे म्हणतात. भगत सुपात तांदूळ घेऊन चिमटीतील दाणे मोजतो आणि सम-विषम संख्येवरून उत्तर देतो. कुणाच्या अंगात वारे येते व त्याच्या तोंडून देव बोलतो, असे मानले जाते. या चालीरीतींची नोंद शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे. जॅक्सन या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागविली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने ती संपादित केली आणि १९१५ साली तिचा कोकणविषयक खंड प्रसिद्ध झाला.

उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कुलदैवताचा मान राहिला, पूर्वज अतृप्त आहे, जागेवाल्याची राखण चुकली, नजर लागली किंवा कुणी करणी केली. त्यानुसार उपाय सांगितला जातो : नारळ, कोंबडा, बकरा, अंगारा, गंडा-दोरा, अथवा दहीभात व लिंबू ओवाळून तिठ्यावर ठेवावयाचा उतारा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुण आला तर उपायाचे श्रेय. न आला तर देणे कमी पडले, विटाळ झाला, करणी मोठी निघाली. कोणत्याही परिणामाने जो दावा खोटा ठरूच शकत नाही, तो दावा ज्ञान देत नाही. शिवाय करणीचे निदान झाले की संशयाचे बोट शेजाऱ्याकडे, भावकीकडे, पुष्कळदा एखाद्या निराधार विधवेकडे वळते. कोंबड्याची किंमत फिटते. हा संशय पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही.

२. विधी कुणाच्या बाजूने उभा राहतो?

जुन्या गावगाड्यात गावाची इडापिडा शिवेबाहेर नेण्याचे काम महारांकडे असे. रोगराई गावाची, पण ती वाहून नेणारे हात अस्पृश्यांचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘बाटले’ असे ठरवून १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. हा सुद्धा सांगितलेला उपायच होता. तळ्यात दोष नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता. म्हणून कोणताही उपाय समोर आला की आम्ही दोन प्रश्न विचारावेत : दोष खरोखर कोठे आहे, आणि या उपायाने कुणाची सत्ता टिकते?

३. विंचवाची साक्ष

आपल्याच तालुक्याच्या अनुभवातून या विषयाचा सर्वांत स्पष्ट धडा मिळतो. कोकणात लाल विंचू पूर्वी अनेकांचे, विशेषतः मुलांचे, प्राण घेत असे. दंश झाला की मांत्रिकाकडून विंचू ‘उतरविण्याची’ रीत होती. बऱ्याच दंशांची वेदना काही तासांनी आपोआप ओसरते. त्यामुळे मंत्राला गुण असल्याचा समज दृढ झाला. ज्यांच्या अंगात विष अधिक भिनले, त्यांचा वेळ मात्र त्यातच गेला.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्ये एकदम वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते आणि रुग्ण दगावतो, हा क्रम त्यातून उलगडला. कारण कळल्यावर उपाय शोधता आला. रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसीन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिले. पूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, ते १ टक्क्याच्या आसपास आले. त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या दुःखावर पिढ्यान्‌पिढ्या मंत्र घातले गेले, ते ‘हे कशामुळे होते?’ या एका प्रश्नाने आटोक्यात आले.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हाच विवेक मान्य केला आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, हे आम्ही विसरता कामा नये.

४. तळीयेचे दुःख

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत तळीये येथील कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये याच तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी असाच आकांत पाहिला होता. एवढ्या दुःखानंतर ‘कुणाचे काय चुकले?’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण तो प्रश्न मृतांवरच दोष ठेवतो, आणि जिवंतांना पुढच्या पावसाळ्यासाठी काहीही शिकवीत नाही.

तीव्र उतारावरील मातीचा थर पाण्याने जड होतो, त्याची खडकावरील पकड सुटते आणि तो खाली सरकतो. डोंगराला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे व खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, दारे-खिडक्या अडकू लागणे : हे डोंगराचे खरे कौल होत. ते वाचता येणे आणि वेळीच वाडी रिकामी करणे, हाच तेथील उपाय होय.

५. धम्माची दिशा

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात अशा विद्यांची लांबलचक यादी आहे. अंगलक्षणे, स्वप्नफले, उंदराने कुरतडलेल्या वस्त्राचे फल, तांदळाचे होम, भूतविद्या, कुमारिकेच्या अंगात देवता आणून प्रश्न विचारणे आणि विंचवाची विद्यासुद्धा तीत आहे. यावर पोट भरणे म्हणजे मिथ्या आजीव, असे तेथे सांगितले आहे.

त्याच निकायातील कूटदंतसुत्त आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. महाविजित राजाला आपल्या दीर्घ हितासाठी महायज्ञ करावयाचा होता. त्याने पुरोहिताला उपाय विचारला. पुरोहिताने आधी शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्यास सांगितले. नंतर झालेल्या यज्ञात एकही प्राणी मारला गेला नाही आणि एकही झाड तोडले गेले नाही. दान कायम राहिले. त्याची दिशा कोपलेल्या शक्तीकडून गरजू माणसाकडे वळली.

भगताकडे जाणारा माणूस मूर्ख नसतो. तो घाबरलेला आणि एकटा असतो. तेथे त्याचे कुणीतरी ऐकून घेते. अतिसाराने पिडलेल्या, दुर्लक्षित भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले व शय्येवर निजविले. आजाऱ्याची शुश्रूषा, त्याला दवाखान्यात नेणारी सोबत, त्याच्या शेतीचे चार दिवस सांभाळणे, हे आपण दिले नाही तर भगताची जागा रिकामी होणार नाही.

६. आपल्या घरातील सावधगिरी

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही जुनी सवय नव्या वेषात येते. परित्राणपाठ झाला की सूत मनगटाला बांधतात. ते बाधा टाळील असे कुणी मानू लागला, तर तो गंडाच झाला. परित्राणपाठाने मन स्थिर होते, मैत्रीभाव वाढतो. तापावर मात्र तपासणी आणि औषधच हवे. धम्मातील विधीला उताऱ्याचे रूप येऊ न देणे, ही आमची स्वतःची जबाबदारी आहे.

चार आर्यसत्यांचा क्रम विद्यार्थ्यांनी नित्य स्मरावा : दुःख पाहावे, त्याचे कारण शोधावे, ते नाहीसे होऊ शकते हे जाणावे आणि त्या मार्गाने चालावे. कौलात दुसरी पायरी गाळलेली असते.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील वृद्धांकडून ‘बघून येण्याच्या’ रीतींची माहिती आदराने घ्या व लिहून ठेवा.
२. अशा एका उपायाचा खर्च, गेलेला वेळ आणि झालेला परिणाम यांची नोंद करा.
३. आपल्या वाडीवरील उताराचे पावसाळ्यापूर्वी शिक्षकांसमवेत निरीक्षण करा. भेगा, झरे, कललेली झाडे यांचा नकाशा काढून तो ग्रामपंचायतीस सादर करा.