उदावर्तिनी आणि एंडोमेट्रिऑसिस : स्राव सुरू झाल्यावरही न थांबणारा शूल

पाळीतील शूल ही चिकित्सालयात आणि औषधी दुकानातही नित्य ऐकू येणारी तक्रार आहे. बहुतेक वेळा ती कष्टार्तव म्हणून नोंदली जाते व औषध दिले जाते. परंतु यांतील काही स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस हा वेगळाच व्याधी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, तो आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत ४ ते १२ वर्षे जातात. हा विलंब कमी करणे आपल्या हाती आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याधिपरिचय व कारणमीमांसा

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती अंडाशय, उदरावरण, गुदाशयाचा परिसर अशा गर्भाशयाबाहेरील ठिकाणी वाढते. तेथे शोथ होतो, अवयव एकमेकांस चिकटतात आणि अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली ग्रंथी, म्हणजेच ‘चॉकलेट सिस्ट’, निर्माण होते. शूल, श्रम आणि वंध्यत्व हे त्याचे परिणाम होत.

१९२७ साली अमेरिकन शल्यज्ञ जॉन सॅम्पसन यांनी असे मत मांडले की, ऋतुस्रावाचा काही अंश बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरपोकळीत जातो व तेथे रुजतो. चरकसंहितेच्या तिसाव्या चिकित्साध्यायातील उदावर्तिनी योनिव्यापदेत वायूमुळे रजाची गती ऊर्ध्व होते असे वर्णन असल्याने दोन्ही एकच, असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. असा उलट स्राव बहुसंख्य निरोगी स्त्रियांतही आढळतो. मग व्याधी काहींनाच का होतो, हा खरा प्रश्न आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या व्याधीच्या संभवात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा आहे. २०२३ साली साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात त्याच्याशी निगडित ४२ जनुकीय स्थाने नोंदली गेली. पण त्या रुग्ण युरोपीय व पूर्व आशियाई वंशांच्या होत्या. भारतीय स्त्रियांसंबंधीची ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉ. राहुल गजभिये यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने देशातील विविध केंद्रांत अभ्यास हाती घेतला. याच संस्थेच्या मार्गदर्शनाखालील आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणू येथे आहे. आशागड परिसरातील वैद्यांना म्हणूनच हा विषय दूरचा नाही.

निदान

उदावर्तिनीत रज बाहेर पडताच स्त्रीस तत्काळ सुख होते, असे चरकाचार्य सांगतात. हेच लक्षण आपल्या उपयोगाचे आहे. स्राव नीट सुरू होऊनही शूल टिकून राहत असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, मैथुनकाळी खोलवर वेदना होत असेल, पाळीत मलमूत्रविसर्जन कष्टाचे होत असेल, अथवा या जोडीला वंध्यत्व असेल, तर ती केवळ उदावर्तिनी मानू नये. आपल्या भागात जननमार्गाचा क्षयही ध्यानात ठेवावा. जुनाट ओटीपोटदुखी व वंध्यत्व त्यातही असते.

सोनोग्राफीत अंडाशयातील ग्रंथी चांगली दिसते. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी अधिक उपयुक्त ठरते. अविवाहित मुलींत एमआरआयचा विचार होतो. मात्र अहवाल निर्दोष आला म्हणून व्याधी नाही असे ठरत नाही. सीए-१२५ या रक्ततपासणीवर निदान अवलंबून ठेवू नये. पूर्वी लॅप्रोस्कोपीशिवाय निदान मान्य होत नसे. युरोपीय मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार ती आता प्रत्येकीस आवश्यक नाही. लक्षणे व प्रतिमा-तपासणी यांवरून चिकित्सा सुरू करता येते.

चिकित्सा

वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टोजेन औषधे आणि आवश्यकतेनुसार शस्त्रक्रिया हे प्रचलित उपाय होत. अमेरिकेत २०१८ साली एलागोलिक्स या औषधास मान्यता मिळाली. यांतील कोणताही उपाय व्याधी समूळ नष्ट करीत नाही. शस्त्रक्रियेनंतरही तो पुन्हा उद्भवू शकतो. संप्रेरक चिकित्सेच्या काळात सहसा गर्भधारणा होत नाही, म्हणून अपत्यप्राप्तीची इच्छा आधी विचारावी.

वातानुलोमन, बस्ती, स्नेहन, आहारविहार यांचे स्थान आपल्या शास्त्रात आहेच. परंतु त्यांनी चॉकलेट सिस्ट विरते, असे सांगण्याइतका मोठा नियंत्रित अभ्यास उपलब्ध नाही. तसे आश्वासन रुग्णेस देऊ नये. कासीस, टंकण, हिंगु व कुमारीयुक्त रजःप्रवर्तिनी वटी निदानाविना महिनोन्‌महिने देऊ नये, आणि गर्भधारणेची शंका असता मुळीच देऊ नये.

औषधी दुकानदारांनाही एक विनंती. एकच मुलगी दर महिन्यास वेदनाशामक गोळ्या नेत असेल, तर गोळी देताना ‘पाळी सुरू झाल्यावर दुखणे थांबते का?’ एवढे विचारावे. उत्तर ‘नाही’ आले, तर तिला वैद्याकडे आणि वैद्याने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाळीत सगळ्यांनाच दुखते, असे म्हणून तिला परत पाठवू नये.